मागे कोण धुतंय?

प्रिय माय,

तू गेलीस त्याला तीन वर्षं झाली, आणि पत्र लिहायला मी आज बसलोय. दुपारी पुण्याच्या एक प्राध्यापक बाई आपल्याकडे येऊन गेल्या.

त्या आल्या होत्या तुझ्या धुण्याच्या दगडासाठी. हो वं, परसातला तोच काळा, सहा कोनांचा! बाबांनी शेतातून बैलगाडीत घालून आणलेला. बाईंनी त्याच्यापुढे चक्क गुडघे टेकले, त्याच्यावरून हात फिरवला. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून असे दगड झाले म्हणे. "आणि तुम्ही यावर कपडे धुता?" मला हसूच आलं. इथून मुकुटबनपर्यंत बांधाबांधावर असे दगड पडलेत. म्हटलं, "पायजे तर न्या मॅडम, गोटाच तर हाय." सोमवारी गाडी पाठवते म्हणाल्या, संग्रहालयासाठी.

मग चहा झाला. बाहेर टळटळीत ऊन. कप ओठांशी नेता नेता बाई थांबल्या.

"मागे कोण धुतंय?"

"आमच्या सासूबाई," सुनीता चुलीजवळूनच म्हणाली. "तुमी घ्या चहा, थंडा होऊन राह्यला."

"अरे वा! मग दगडाबरोबर त्यांचाही फोटो घेऊ या."

"त्यायचा कुठून येईन? त्यायले जाऊन तीन वर्सं झाली." दूध संपलं म्हणून सांगावं, तसं तुझी सून बोलली.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. उठून परसात गेल्या, मागे मी. तिथे कुणीच नव्हतं. दगड मात्र ओला होता. नळाला दोन दिवसांपासून पाणी नाही!

"ओलाच रायते तो," मी म्हणालो, आणि माझ्याच अंगावर काटा आला. तीन वर्षं हे रोज चाललंय, माय, आणि आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही!

पण तू होतीस तेव्हा तरी मी कुठे ऐकलं? जेवून आडवा झालो की तुझी कपडे बडवायची मोगरी सुरू. मी खाटेवरून ओरडायचो, "माय, बंद कर ना वं ते!"

"दोनच लुगडी राह्यली रे. झोप तू."

बाई गेल्यावर मी आज पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. धप, धप, धप. मग थांबणं. पुन्हा तीन. तू थांबलीस की मला वाटायचं, पोराची झोप मोडू नये म्हणून थांबतेस. आज कळलं, मधे तू श्वास घेतेस. छातीत शिट्टी वाजते तुझ्या. इतका दम लागायचा तुला? सांगितलं काहून नाहीस? की सांगितलंस, आणि मी झोपलो होतो? मला फार लाज वाटते, माय.

बाईंना फोन करून नाही म्हटलं. दगड कुठे जाणार नाही. उद्यापासून विहिरीची बादली मी आणीन, मोगरीही मीच धरीन. तू नुसतं बसायचंस.

पण आत्ता, या ओळी लिहिताना, तीन धप झाले आणि पुढचे आलेच नाहीत. बराच वेळ झाला. दमच घेतेयस ना? घे, सावकाश घे. मी दगडापाशी येऊन बसतो.

आज दुपारी न झोपलेला,
तुझा गजू