डायरीतली मोकळी ओळ

पोलीस लाइन,
रविवार, १७ जानेवारी १९९९

प्रिय संघू,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि माझं मोत्यासारखं. आपल्या घरात एवढ्या एकाच गोष्टीत माझा पहिला नंबर होता, बाकी सगळीकडे तू. म्हणून फोन न करता लिहायला बसलोय. अर्धं वाचून फाडू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग वकीलबाई म्हणून काय करायचं ते कर.

मलकापूरच्या घरी आप्पा रत्नागिरीची ड्यूटी करून आले, की कंडक्टरची पिशवी खुंटीला लावायच्या आधी आपल्याला समोर बसवायचे. शेजारची पोरं पाढे म्हणायची आणि आपण राज्यघटनेतली कलमं. तू माझ्याहून पाच वर्षांनी लहान. शेंबूड पुसायचं कळत नव्हतं, पण माझ्या जिभेवर आलेलं उत्तर बरोबर उचलायचीस. एकदा आप्पांनी मला विचारलं, "परश्या, बावीस काय म्हणतंय, सांग बघू." मी नीट सांगावं म्हणून जरा श्वास घेतला, तेवढ्यात तू किंचाळलीस, "धरल्याल्या माणसाला चोवीस तासांच्या आत म्याजिस्ट्रेटपुढं उभा करायचा!" आप्पांनी तुला खांद्यावर घेतलं आणि डेपोपर्यंत मिरवत नेलं. संघू, बावीस मला येत होतं. आज छत्तिसावं लागलं तरी हे मी विसरलेलो नाही.

पुढचं तुला ठाऊकच आहे. मी बारावीला दोनदा आपटलो आणि पोलिसात लागलो. आप्पा म्हणाले, "बरं झालं, भाकरीची सोय झाली," आणि बुटाला लावायला पॉलिशची डबी आणून दिली. तुला वकिलीची सनद मिळाली तेव्हा मात्र त्यांनी डेपोपासून विहारापर्यंत पेढे वाटले आणि स्वतःचं राज्यघटनेचं पुस्तक तुझ्या हातात ठेवलं, पेनानं खुणा केलेलं, पाठीला खळीनं कागद डकवलेलं. मला पॉलिश आणि तुला पुस्तक. त्या दिवशी मी सगळ्यांना हसून पेढा भरवला आणि मागल्या दारी जाऊन थुंकलो. जळलो गं मी. आजवर बायकोलासुद्धा हे सांगितलेलं नाही.

आता ठाण्याचं सांगतो. माझ्या अक्षरामुळे मला स्टेशन डायरी लिहायला बसवलंय. ठाण्यात कोण आलं, कोण गेलं, कुणाला किती वाजता आणलं, हे ज्या त्या वेळी लिहायचं. सुप्रीम कोर्टाचा अटकेच्या अकरा नियमांचा निकाल आला, तेव्हा त्यांचा बोर्डही मीच रंगवला. बाहेर व्हरांड्यात, माझ्या खिडकीसमोरच तो टांगलाय. पण आमच्यात एक जुनी रीत आहे. दिवस संपताना डायरीत एक ओळ मोकळी सोडायची. साहेबाला मागाहून काही घालावंसं वाटलं तर जागा असावी म्हणून. माझ्या आधीच्या पिराजी जमादारांनी मला हेच शिकवलं, "ओळ सोडत जा बाबा, ओळीनं नोकरी वाचत्या." मी नऊ वर्षं ओळ सोडत आलो. कधी कुणी विचारलं नाही.

चार महिन्यांमागं आकारामला एका मंगळवारी सकाळी दहाला आणलं. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली, संशय त्याच्यावर. ती मोटर पुढं मालकाच्याच मेव्हण्याच्या मळ्यात सापडली, ते राहू दे. हंबीरराव फौजदार म्हणाले, "लिहू नकोस इतक्यात, बघूया." मी लिहिलं नाही. त्याची बायको चिमणाबाई दोन दिवस पायरीवर भाकरीचं गठुळं घेऊन बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "पावणं, आमचा मालक आत हाय न्हवं?" मी दोन वेळा तिच्या समोरून पाणी प्यायला गेलो. मान वर केली नाही. आतून काय आवाज यायचे ते तुला आकारामच्या डाव्या हातावरून कळलंच आहे. त्याची बोटं अजून मिटत नाहीत, असं ऐकतो.

त्या गुरुवारी अकराच्या सुमाराला खिडकीतून तू दिसलीस. काळा कोट, काखेत फाईल आणि मागं चिमणाबाई. फाटकावरचा शिपाई तुला सलाम करत होता. त्याच शिपायानं आठवड्यापूर्वी माझी सायकल बाजूला लावायला सांगितली होती. तू बोर्डासमोर थांबून तो वाचायला लागलीस. माझ्या हातचा बोर्ड! वाटलं, आली, परत माझ्या तोंडातलं उत्तर काढून घ्यायला आली.

तू आत येऊन म्हणालीस, "हवालदारसाहेब, डायरी बघायची आहे." दादा म्हणाली नाहीस. ते बरोबरच होतं, चार लोकांत तसंच म्हणायला हवं, पण मला ते लागलं. तू डायरी पुढं ओढलीस आणि बुधवारच्या पानावर शेवटच्या ओळीला आलीस. 'सायंकाळी साडेपाच वाजता आकाराम यास अटक.' दोन दिवसांचे साडेसतरा तास झाले होते. तू त्या ओळीवर बोट ठेवलंस. अक्षरं दाटीवाटीनं बसवलेली. माझं अक्षर कधी दाटत नाही, हे जगात फक्त तुला आणि आप्पांना माहीत आहे. तू माझ्याकडं पाहिलंस आणि एवढंच विचारलंस, "ही ओळ तुमच्या हातची का?" मी म्हटलं, "व्हय." तू लिहून घेतलंस आणि गेलीस. पुढं आकारामच्या वतीनं ठाण्यावर केस घातलीस.

परवा आईचा फोन आला. रडत होती. म्हणाली, "आरं, पोरगी तुझ्यापायी केस सोडाय लागलीया. दादावर बोट दाखवायचं माझ्याच्यानं हुईत न्हाय म्हणती. फौजदारानं दाब टाकला असंल, त्येला पोरं-बाळं हाईत, म्हणती." फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सगळे हेच धरून चाललेत, की साहेबानं दम दिला आणि गरिबानं लिहिलं. पण खरं सांगू? मला पुन्हा हेवाच वाटला. म्हणजे आता मोठं मनही तुझंच. भावासाठी केस सोडणारी बहीण म्हणून आख्ख्या भावकीत तुझं नाव होणार आणि मी जन्मभर त्या उपकाराखाली. तेवढं करू नकोस, संघू. ते मला खरोखर सोसायचं नाही. शिवाय तू सोडलीस तर चिमणाबाईनं कुणाच्या दारात जायचं?

म्हणून हे पत्र. त्या गुरुवारी हंबीरराव ठाण्यात नव्हतेच, ते सकाळपासून कोल्हापूरला बंदोबस्ताला गेले होते. मला कुणी दम दिला नाही. आकारामला डांबून ठेवणं त्यांचं, पण ती ओळ माझी एकट्याची. तू बोर्ड वाचत उभी होतीस ना, त्या तेवढ्या वेळात मी ती भरली. भीतीनं नाही, तू हरावीस म्हणून. पेनाची शाई वाळायच्या आत तू टेबलाशी आलीस. पंचवीस तारखेला, सोमवारी, साक्षीला मी उभा राहणार आहे. मंगळवारी सकाळी दहा, हे मी सांगणार आहे आणि ओळ कधी भरली तेही. नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त काही होईल, ते मी बायकोला समजावलंय. तू वकीलपत्र सोडू नकोस. मला प्रश्न विचारताना आवाज खाली घेऊ नकोस आणि दादा म्हणू नकोस. आप्पांना मात्र घेऊन ये, पुढच्या बाकावर बसव. त्यांना आता कमी ऐकू येतं. आणि एवढं एक माझं ऐक. बावीस काय म्हणतंय, ते कोर्टात विचारलंस तर जरा थांब. मला श्वास घेऊ दे. या वेळी ते मी सांगणार आहे.

तुझाच, अजूनही जळका,
प्रसेनजीत दादा (आप्पांचा परश्या)