जळलेली बॅटरी

दादा,

तुझ्या दुकानातून घेतलेली ड्रिलची बॅटरी चार्जिंगला असताना फुटली आणि ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. सुतार माणूस, दादा!

मी दवाखान्यात होते, तेव्हा तू घर आवरायला आलास. मला वाटलं, रक्ताचं माणूस धावून आलं. आणि तू जळलेली बॅटरीच उचलून नेलीस! "कचरा होता गं, फेकला," म्हणालास. वकीलबाई म्हणाल्या, तोच तर पुरावा.

आज वहिनीनं ती तुझ्या गोदामातून आणून दिली. "फेकली नव्हती, लपवली होती," एवढंच बोलली.

आता ग्राहक न्यायालयातल्या तक्रारीत बॅटरीच्या कंपनीबरोबर तुझंही नाव घातलंय. हे पत्र पाठवणार नाही, वकीलबाईंची ताकीद आहे. नोटीस मात्र येईल.

वहिनी इथेच राहतेय. तिला न्यायला येऊ नकोस. आलास तर दार मी उघडेन, ती नाही.

कालपर्यंत तुझी,
धाकटी