तीनशे बारा उड्डाणं आणि एक पदक

३ नोव्हेंबर, सोमवार

वाघ म्हणे! ‘आकाशातला वाघ’! विश्वजितनं पाटीचा मजकूर पाठवलाय. आमच्या मंगळवार पेठेतलाच पोरगा, जुन्या वस्तू जमवतो. तलवारी, अडकित्ते, दिवे — इथपर्यंत ठीक. आता कुठल्याशा परदेशी लिलावातून दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन वैमानिकाची पदकं आणि उड्डाणांची वही उचलून आणलीय. बॉम्ब टाकणारा वैमानिक! सोळा तारखेला प्रदर्शन. “संयोगिताताई, पेठेत जर्मन येणाऱ्या तुम्हीच. तेवढं मराठी करून द्या की!”

नर्सिंगच्या पोरींना जर्मन शिकवते मी. कुठं दुखतंय, सुई कुठं टोचू — एवढंच. तरी हो म्हणून बसले. माझंच चुकलं.

४ नोव्हेंबर

वही वाचली. रीडमान नाव त्याचं. अक्षर सुरेख, मेल्याचं! तारीख, उडालो, उतरलो, लक्ष्य, शेरा — असे रकाने. शेरा दरवेळी तोच: ‘काम पूर्ण.’ बंदर, काम पूर्ण. रेल्वे स्टेशन, काम पूर्ण. शहर — अख्खं शहर! — काम पूर्ण. अशी तीनशे बारा उड्डाणं. खाली कोण होतं, याला रकानाच नाही.

आणि पदकं बघा. लोखंडी क्रॉस, दुसरा वर्ग. मग पहिला वर्ग. मग गळ्यात घालायचा मोठा क्रॉस. वर चांदीचा पेला! प्रत्येकाला सही-शिक्क्याचा कागद. एकही हरवला नाही, सगळं मखमलीत. दोनदा पेन आपटलं लिहिताना. रागानं.

६ नोव्हेंबर

आज इटलीची पानं आली. डिसेंबर त्रेचाळीस. ‘नदीकाठच्या छावण्या. काम पूर्ण.’

त्याच हिवाळ्यात आमचे आजोबा तिथंच होते. आकाराम, मराठा पलटणीतले. विमानाचा हल्ला झाला, गेले, एवढीच तार आली. त्यांच्यावर पडला तो बॉम्ब याचाच, असं मी म्हणत नाही. कुणाला ठाऊक! पण रीडमान किती वाजता उतरला, तेसुद्धा लिहिलेलं सापडतं, आणि आमच्या माणसाचा साधा फोटो नाही. बाबा तेव्हा चार महिन्यांचे. जन्मभर विचारत राहिले, माझा बाप दिसायला कसा होता? तसेच गेले बिचारे.

७ नोव्हेंबर

विश्वजितला चांगलं झापलं. म्हटलं, वरून टाकणाऱ्याला काचेचं कपाट, आणि खाली मेला त्याला काय? आजोबांचं नाव शेजारी नसेल तर मी एक ओळ देणार नाही.

“ठेवतो की ताई! पण वस्तू पाहिजे. नुसतं नाव काचेत कसं ठेवू?”

वस्तू आहे! होती तरी. आफ्रिकेतल्या लढाईबद्दल आजोबांना शौर्याचं चांदीचं पदक जाहीर झालं होतं. माणूस गेल्यावर ते पोस्टानं घरी आलं. बाबा सांगायचे. मी शोधून आणते म्हटलं. छातीठोकपणे!

९ नोव्हेंबर, रविवार

माळा, ट्रंका, आजीची पेटी — सगळं उपसलं. रेशनकार्डं निघाली, कुलपाविना किल्ल्या निघाल्या. पदक नाही. थोरल्या काकांनी मोडीत घातलं असणार! त्यांचा हात तसलाच होता. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण बोलणार. जर्मनांनी पेलासुद्धा जपला, आणि आम्हाला बापाचं एक पदक सांभाळता आलं नाही!

सगळा राग पूजेत निघाला. देव्हाऱ्यातले चांदीचे टाक घासताना वीराचा टाक हातातून निसटला, मोरीत जाऊन पडला. आमच्या घराण्यातला लढाईत गेलेला कुणी पूर्वज आहे तो. पन्हाळ्याच्या वेढ्यातला, असं मीच पोरींना सांगत आलेय. एवढंसं तोंड आणि केवढ्या मिशा! लहानपणी आम्ही हसायचो त्याला. आज नाही हसले. “बघा तुमच्या घराण्याचे प्रताप!” म्हटलं आणि आदळला देव्हाऱ्यात.

१२ नोव्हेंबर

गडहिंग्लजला तानाबाई आत्यांना फोन. आजोबांची थोरली लेक, शहाऐंशी वर्षांची. आजोबांना पाहिलेलं आता तेवढं एकच माणूस उरलंय. पदकाचं विचारलं.

“ते व्हय! हाय की. फोनवर न्हाय सांगायचं. घरला ये. आनि येताना देवाऱ्यातला वीर घिऊन ये.”

मी पदक विचारतेय आणि ह्यांना देव पाहिजेत! आहे म्हणतात, कुठं ते सांगत नाहीत. विश्वजितचे तीन मेसेज. पाटीवर अजून वाघच आहे.

१४ नोव्हेंबर

मजकूर पुरा करून पाठवला. ‘वाघ’ खोडला. ‘याने तीनशे बारा वेळा बॉम्ब टाकले. खाली कोण होते, हे याने लिहिलेले नाही.’ लावायची तर हीच पाटी लाव म्हटलं. लावतो म्हणाला. उद्या पहिल्या एसटीनं गडहिंग्लज.

१५ नोव्हेंबर

आत्यांनी टाक पदरानं पुसला, कपाळाला लावला. मी म्हटलं, आत्या, पदक कुणी मोडलं?

“कुनी न्हाय मोडलं गं. हेच की ते! त्याच्यावर गोऱ्या राजाचं तोंड हुतं. आई म्हटली, ह्याचं तोंड बघून मी काय करू? माझा मानूस द्या. सोनाराकडं घिऊन गेलती, आटवून ह्येचा वीर करा म्हनून; मी बोट धरून हुते. सोनार म्हटला, धोंडुबाई, मी त्यास्नी बघितलं न्हाय, दिसायला कसं हुतं? आईला रडं आवरंना. नुसतं म्हटली, मिशा दाट काढा.”

परतीच्या एसटीत टाक मुठीत धरून बसले होते. मोरीत पडला तेव्हा कानाशी पोचा आलाय. बाबांनी साठ वर्षं रोज आंघोळ घातली ह्याला.

विश्वजितचा फोन आला. “ताई, पदक सापडलं का?”

सापडलं म्हटलं. देणार नाही.