मागची सीट उपटलेली गाडी

इंदिरानगर, नाशिक

मयूरच्या आजोबांना नमस्कार. सांगतेय मी, लिहितेय नात तृप्ती.

ऑपरेशननंतर माझा डोळा बरा आहे, पण दिसतंय ते कळत नाही. ओझरच्या कारखान्यातली विमानं सोडून मयूरने जुनी अमेरिकन मोटार आणली. चांगली मागची सीट उपटली, नाकापासून शेपटीपर्यंत दोन पांढरे पट्टे ओढले. म्हणतो, शर्यतीच्या गाड्या अशाच असतात. शर्यत कुणाशी? तर कुणाशीच नाही!

जेवायचं मात्र विसरतो. गाय व्याली का?

त्याने नोकरी सोडल्यापासून तुम्ही त्याच्याशी अबोला धरलाय. पाडव्याला तो मला याच गाडीतून देवळ्याला घरी आणतोय. मी गाडीत, म्हणजे दारात भाकरतुकडा तुम्हालाच ओवाळावा लागणार. आधी नातवावरून, मग गाडीवरून. ‘इडा पिडा टळो’ म्हणायला तरी तोंड उघडाल!

तुमच्याच घरची.
अंगठा माझा, त्यावरचं काळं वंगण मयूरच्या गाडीचं.