पटलं म्हणायचं कुणी?

१२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना सांगितलं का, असं तू विचारलंस. नाही सांगितलं. शब्दकोशाच्या कचेरीत मुद्रितशोधकाची जागा मिळते आहे, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय, शहर लांब आहे. एवढंच तर सांगायचंय, पण जीभ रेटत नाही.

त्यात आमच्या छापखान्याच्या वार्षिक नाटकात मला मुलगी केलंय आणि बाबांना, निवृत्त असूनही आग्रहाने बोलावून, हट्टी बाप. मुलीला नोकरीसाठी परगावी जायचं असतं. पहिल्या अंकात तिने बापाला पटवायचं. तो ‘पटलं’ म्हणाला की दुसऱ्या अंकात ती गेल्यावरचा सगळा गोंधळ. हिशेबखात्यातले काका दिग्दर्शक आहेत. ते म्हणतात, नाटकाचा सगळा गाडा त्या एका शब्दावर चालतो. बाप फारच लवकर पटतो, असं मी सुचवलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला.

न पटलेल्याला हो म्हणायचं नाही आणि वाद घालताना समोरच्याची बाजू आधी मांडायची, हे आई गेल्यावर बाबांनीच मला घरी शिकवलं. या शिकवणीवर मी कुणाला काय पटवणार? परवा भाजीवाल्याशी घासाघीस करायला गेले आणि त्याच्या अडचणी त्यालाच समजावून आले.

लोभ आहे तो टिकावा. माझ्या टिकण्याची खात्री देत नाही.

तुझी भाची

२० जानेवारी

चि. शंकेखोर हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा बाप लहानपणापासून असाच. गाल सुजून टम्म झाला तरी दात काढणं पटत नाही म्हणून बसला होता. शेवटी मी म्हटलं, नकोच काढूस. तर माझ्याशी भांडून काढून आला. नाटक संपलं की टाळ्यांच्या भरात असेल, तेव्हा सांगून टाक. आणि कृपा करून त्याची बाजू मांडू नकोस. ती मांडायला तो समर्थ आहे.

माया आहेच, पण धीर तुझा तुला आणावा लागेल.

आत्या

२७ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

लोकांची नाटकात फजिती होते, मी नाटकाचीच केली.

सगळं नीट चाललं होतं. मग ‘माझ्यावाचून तुमचं काही अडणार नाही’ हे वाक्य आलं. समोर बाबा डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. ते वाक्य धडधडीत खोटं, मला म्हणवेना. मी म्हटलं, अडेल. डोळ्यांत औषधाचे थेंब कोण घालणार? गॅस बंद आहे का, हे दुसऱ्यांदा कोण बघणार? वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका कुणाला वाचून दाखवणार? लोक हसायला लागले, तशी मला आणखीच कारणं सुचत गेली. काका विंगेतून हात जोडत होते. बाबा उठून म्हणाले, हे मात्र पटलं, तू जाऊ नकोस.

आता दुसऱ्या अंकात मी परगावी असते! पडदा पाडून काकांनी प्रेक्षकांना चहा दिला.

घरी येताना बाबांनी विचारलं, खरंच कुठून बोलावणं आलंय का. मी हो म्हटलं. पण त्यांचं अडेल, हे काही नाटक नव्हतं. उद्या नकार कळवते.

लोभ उरला असेल तर राहू दे.

तुझी भाची

५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

ती नकार लिहायला बसली, तसा मी समोर जाऊन बसलो. मग रोज तेच. मी तिची बाजू मांडायची, तिने माझी. नक्की कोण कुठे चाललंय, असं शेजारीण दारातून विचारून गेली. थेंब माझे मला घालता येतात हे दाखवायला आरशासमोर उभा राहिलो. निम्मे गालावर ओघळले. मी रडतोय असं वाटून पोरगी पुन्हा नकार लिहायला बसली, म्हणून पुन्हा घातले. कसंबसं ‘पटलं’ म्हणाली. काल गाडीत बसवून आलो.

घरी आल्यापासून तिचे रंगमंचावरचे मुद्दे मला एकेक करून पटताहेत. हे तिला कळवू नकोस, लगेच परत येईल.

लोभ नेहमीचाच असावा, पत्रं मात्र नेहमीपेक्षा जरा जास्त येऊ देत.

तुझा भाऊ