परदेशी गेलेला पंप

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलेय. परवा तू त्या हॉस्पिटलवाल्यांबद्दल किती भरभरून सांगत होतास. सोमवारी त्यांच्यासमोर आमच्या वर्कशॉपचं उदाहरण मांडायचं, ते त्यांना पटलं की त्यांच्या सगळ्या हॉस्पिटलांत तुझी पद्धत लागू होणार, आणि त्यासाठी ताईने वर्कशॉपचे चार झकास फोटो पाठवायचे. मी नुसती हं हं करत राहिले. तुला वाटलं असेल, ताईला कौतुक वाटतंय. तुझ्या तोंडून आमच्या वर्कशॉपचं गुणगान मला ऐकवत नव्हतं.

आधी घरचं सांगते, नाहीतर तू घाईघाईने शेवटचा परिच्छेद वाचशील. आई बरी आहे. अजून माझ्याकडेच आहे, वॉकर घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते. तुझ्या भाऊजींनी चिरलेल्या भाजीला नावं ठेवायला लागलीय, म्हणजे सुधारणा आहे. शहराच्या वरच्या भागातलं तिचं घर कुलूपबंद आहे, तिथल्या कुंड्यांना शेजारची शिंपीण पाणी घालते. तू बाथरूमसाठी पाठवलेली न घसरणारी चटई पोचली. गुंडाळलेलीच आहे.

आता वर्कशॉप. तू पहिल्यांदा सल्लागार म्हणून आलास तेव्हा आमची काय दशा होती ते तुला आठवतंय ना. शहराला पाणी पुरवणारी एवढी मोठी कंपनी, आणि एक पाना शोधायला तिघेजण अर्धी सकाळ फिरायचे. पंप खोलून ठेवायचे आणि मग कळायचं की बेअरिंग मागवलेलंच नाही. उघडे पंप ऑपरेशन अर्धवट सोडलेल्या पेशंटसारखे टेबलांवर पडून असायचे. तू आलास, बाह्या दुमडल्यास, मिस्त्रींबरोबर जमिनीवर बसून चहा प्यायलास. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ मारून घेतलीस, म्हणजे कुठला जागेवर नाही ते लांबूनच दिसावं. एक पंप पुरा झाल्याशिवाय दुसरा खोलायचा नाही, सकाळी सगळ्यांनी उभ्याउभ्याच काय अडलंय ते बोलायचं, आणि जे काही समजून घ्यायचं ते जागेवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघून. मी नाक मुरडत होते, कबूल. पण धाकट्या, ते चाललं. कामं खरोखर भराभर उरकायला लागली. मिस्त्री वेळेवर घरी जायला लागले. माझा भाऊ म्हणून मी किती ठिकाणी मिरवले, ते तुला सांगायची सोय नाही, तू आणखी फुगशील.

मग तू गेलास आणि पॉलिश राहिले. आमच्या मुख्य अभियंत्यांना वर्कशॉपमध्ये सगळे पाठीमागे पॉलिश म्हणतात, कारण त्यांच्या बुटांना आजवर ग्रीसचा ठिपका लागलेला कोणी पाहिलेला नाही. तू दर्शनी भिंतीवर तो फळा लावून दिलास ना, पंप आल्यापासून दुरुस्त होऊन जाईपर्यंत सरासरी किती दिवस लागतात तो आकडा दाखवणारा, त्या फळ्याच्या ते प्रेमातच पडले. आकडा खाली आला की वरच्या साहेबांकडून शाबासकी, आणखी खाली आला की वर्तमानपत्रात फोटो. पुढे तो खाली येईना. कसा येईल, मोठा पंप म्हणजे मोठं काम, ते वेळ घेणारच. तेव्हा पॉलिशनी एक दिवस रंगारी बोलावला आणि स्वतः उभं राहून वर्कशॉपच्या दारात एक जाड पिवळी रेघ मारून घेतली. नियम असा की, रेघेच्या आत आला तोच पंप आला. तिथून दिवस मोजायचे. रेघेच्या बाहेर जो आहे तो आमच्याकडे आलेलाच नाही.

झालं, ट्रकवाले रेघेबाहेर माल उतरवायला लागले. छोटे छोटे, सकाळी खोलून संध्याकाळी बंद होणारे पंप चटकन आत घ्यायचे, आणि मोठे धूड मागच्या आवारात गवतात ढकलून द्यायचे. मिस्त्रींनी त्या आवाराचं नाव परदेश ठेवलंय. अमुक पंप कुठे आहे विचारलं की सांगतात, परदेशी गेलाय, व्हिसा मिळाला की येईल. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही पोट धरून हसले. आता कोणी हा विनोद केला की मला उठून जावंसं वाटतं. कारण तिकडे बघवत नाही रे. ताडपत्री उडून गेलीय, उघड्या तोंडात पाणी साचतंय, चिखल झालाय, शाफ्टवर गंजाचा थर चढलाय. एका पंपाच्या पोटात मांजर व्यालीय. म्हणजे जे काम आल्या आल्या घेतलं असतं तर सरळ होतं, ते पडून पडून दुप्पट होतंय, आणि दुप्पट झालं म्हणून पुन्हा आत घ्यायला कोणी तयार नाही. फळ्यावरचा आकडा मात्र असा उतरलाय की बघतच राहावं. हे तुझं उदाहरण. याचेच फोटो तुला हवेत.

त्या परदेशात वरच्या भागाचा पंपही आहे. तुला तिथली व्यवस्था ठाऊक आहे, आपण लहानाचे मोठे तिथेच झालो. चढावरच्या सगळ्या वस्तीला पाणी चढवायला दोन मोठे पंप आहेत, एक चालतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो. त्यातल्या एकाचा शाफ्ट वाकला, तो आमच्याकडे आला आणि रेघेबाहेर बसला. मोठा आहे, आत घेतला तर फळा बिघडेल, आणि पॉलिशना त्याच सुमाराला पुरस्कारासाठी नाव पाठवायचं होतं. तेव्हापासून दुसरा पंप एकटाच ओढतोय. तापतो, म्हणून मधेमधे बंद ठेवावा लागतो. वरच्या भागात पाणी पहाटे येतं, तेही करंगळीएवढं, आणि इमारतींत वर चढत नाही. खाली अंगणातल्या नळालाच काय ते येतं. लोक तक्रार करतात, आणि आमची कंपनी त्यांना पाणी जपून वापरण्याचं रंगीत पत्रक पाठवते.

मी गप्प बसले असं समजू नकोस. सकाळच्या उभ्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सांगितलं की वरच्या भागाचा पंप आधी घ्या, आकडा गेला खड्ड्यात. पॉलिश गोड हसले. म्हणाले, मॅडमच्या सूचनेचं स्वागत आहे, आणि माझं म्हणणं एका गुलाबी चिठ्ठीवर लिहून फळ्याच्या 'विचाराधीन' रकान्यात चिकटवलं. टाळ्या वाजल्या. सूचना आली की टाळ्या वाजवायच्या अशी प्रथाच आहे आता. ती चिठ्ठी एके दिवशी सुटून खाली पडली आणि झाडूबरोबर गेली. त्यानंतर मला पाहुण्यांना वर्कशॉप दाखवायच्या कामाला लावलं. तेही करून पाहिलं. कोऱ्या करकरीत हेल्मेटातली माणसं येतात, पान्यांच्या भिंतीचे फोटो काढतात, बिस्किटं खातात. आवाराकडच्या दाराला हिरवी जाळी बांधलीय. एका बाईंनी विचारलं की जाळीमागे काय आहे, तर पॉलिश म्हणाले, बागकाम चालू आहे. आणि मी तिथेच शेजारी उभी होते, गळ्यात कंपनीचा बिल्ला घालून. त्या दिवशी मला माझीही किळस आली.

आणि तू. तुलाही सोडत नाही मी. रेघ मारली त्याच आठवड्यात मी तुला फोन केला होता. तू मोटार चालवत होतास. म्हणालास, ताई, बदल झाला की जुनी माणसं कुरकुर करतातच, जरा वेळ दे. जुनी माणसं. मी. ज्या बहिणीने तुला सायकल शिकवली तिला तू तुझ्या व्याख्यानातलं वाक्य फेकून मारलंस. मग कंपनीने ठेवलेल्या तुझ्या सत्काराला आलास तेव्हा पॉलिशनी तुला वरच्या मजल्यावर गार खोलीत बसवलं, पडद्यावर आलेख दाखवले, शाल घातली. तू खाली आलास, पान्यांच्या भिंतीपुढे फोटो काढून घेतलास, मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारलीस आणि गाडीत बसलास. जाळीपर्यंत चार पावलं टाकायची होती. मिस्त्री तुझ्याकडे बघत होते, तुला वाटलं आदराने बघतायत. ते वाट बघत होते रे. तू मागे जाशील अशी त्यांची खात्री होती, कारण तूच त्यांना तसं शिकवलं होतंस. तू गेलास आणि त्यानंतर त्यांनी सकाळी बोलणंच सोडलं. आता उभ्या मीटिंगमध्ये सगळं छान चाललंय एवढंच ऐकू येतं.

तुझी पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, सगळा राग एका जागी ठेवून मोकळी झाले असते. पण मी ती चांगली चाललेली बघितलीय, म्हणून तर ही नासाडी जास्त सलते.

आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते. आई बाथरूममध्ये पडली नाही. ती जिन्यात पडली, पहाटे, अंगणातल्या नळावरून पाण्याची कळशी तिसऱ्या मजल्यावर नेताना. शिंपिणीने आवाज ऐकला म्हणून निभावलं. मी पोचले तेव्हा आई ओल्या पायरीवर भिंतीला टेकून बसली होती, वेदनेने चेहरा पांढरा पडलेला, आणि पहिलं काय बोलली असेल तर, धाकट्याला यातलं काही कळता कामा नये. म्हणाली, त्याचं इतकं चांगलं चाललंय, त्याच्या जिवाला उगाच लागेल. माझ्याकडून शपथ घेतली, बाथरूमची गोष्ट तिनेच रचली, आणि फोनवर तुला इतक्या ठसक्यात सांगितली की क्षणभर मलाही खरी वाटली. दुसऱ्या दिवशी कंपनीतर्फे फुलांचा गुच्छ आला, पॉलिशच्या सहीचा. आईने तो उशाशी ठेवून घेतला, कारण सत्काराच्या फोटोत ते तुझ्या शेजारी उभे आहेत. मी ही शपथ पाळली असती, खरंच पाळली असती. पण परवा तू हॉस्पिटलांचं सांगितलंस आणि मला स्ट्रेचरवर ताटकळलेली माणसं दिसायला लागली, कुठल्यातरी रेघेबाहेर, कुठल्यातरी जाळीमागे, अजून आलेलीच नाहीत म्हणून ठेवलेली. सोमवारी तिथे उभा राहून काय सांगायचं ते तू ठरव. फोटो मी पाठवणार नाही. आईला मी काल सांगून टाकलं की तुला सगळं लिहितेय. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, जेवणाचं ताटसुद्धा तुझ्या भाऊजींकडूनच मागून घेते.

तुझीच,
ताई