चार बोटं आखूड पाईप

अण्णा,

रागानं लिहितोय. माझ्यावरचा राग तर आहेच, पण तुमच्यावरचाही आहे. तुम्ही जाऊन अकरा महिने झाले, एक ओळ लिहिली नाही. लिहून तरी काय, माझी पत्रं तुम्हाला आईच वाचून दाखवायची. पण परवा आपल्या गॅरेजवाल्या वसंतकाकांचा इथे शारजाला फोन आला. बोलता बोलता म्हणाले, "गॅरेजात नवा फिटर आला की मी पहिलं हेच सांगतो बघ, अण्णासारखं अंदाजानं माप घेऊ नका. जिवावर बेततं." मी "हं" म्हणालो. पोटचा मुलगा मी, आणि तोंडातून निघालं काय, तर हं!

तुमचा तो लांब नाकाचा जुना ट्रक! हिंजवडीत कंपन्यांच्या इमारती उठत होत्या तेव्हा त्यानं खडी वाहिली. मग मोठे डंपर आले, तसा तुम्ही त्याला रंग दिलात आणि वरातीला लावलात. मी म्हणायचो, भंगारात घाला. तर तुम्ही त्याला पुढून डिस्क ब्रेक बसवायला घेतलेत! "कंपनीची बस मधीच हुबी ऱ्हाती. जुन्या ब्रेकच्या भरवशावर थांबायचं म्हंजे तिच्या मागच्या शिटावरच जाऊन बसायचं."

डिस्क मिळाल्या, बसल्याही. अडलं ते चाकाकडे जाणाऱ्या रबरी पाईपवर. एका टोकाला जुन्या गाडीचे आटे, दुसऱ्याला नव्या गाडीचे. जोडजाड करून बसवलेला पहिला पाईप गळायला लागला, आणि तसा दुसरा काही मिळेना. नाना पेठ पालथी घातलीत. मी सुट्टीवर आलो होतो, एका दुकानात तुमच्याबरोबर होतो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "मॉडेल कुठलं?" तुम्ही सांगितलंत. "अहो, मग इकडे कशाला? संग्रहालयात चौकशी करा." तुम्ही काय हसलात! मला मात्र लाज वाटली. दुकानदाराची नाही, तुमची. हे कधी बोललो नव्हतो.

बाहेर येऊन फुशारकी मारली मीच. म्हटलं, शारजात आमच्या शेजारीच पाईप बनवून मिळतो, माप पाठवा.

तुम्ही पाठवलंत. ओळखीच्या एका माणसाबरोबर आईनं लाडवांचा डबा धाडला. आत कागदात गुंडाळलेले दोन पितळी नट, आट्यांच्या नमुन्याला. आणि डब्याला बांधलेली सुतळी. चाक पूर्ण वळवून सुतळी लावायची आणि दोन्हीकडे गाठ मारायची, ही तुमची पद्धत मी जन्मापासून बघत आलो. तरी लाडवाच्या घाईत ती चाकूनं कापली आणि फेकली. नट हाताला लागले तेव्हा डोक्यात उजेड पडला, ती सुतळीच माप होती. तोवर खोलीतल्या सोबत्यानं कचरा टाकून दिला होता.

आठवड्यानं तुमचा फोन. "माप मिळालं का रं?"

"मिळालं की."

का म्हणालो असेन, अण्णा? कापली म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "आठवीच्या परीक्षेला बी असाच डोकं घरी ठिवून गेलतास." त्या एका टोमण्याला भ्यालो! मनानंच लांबी ठरवली आणि पाईप करून पाठवला. चार बोटं आखूड.

पण तुम्हाला दिसलं होतं ना? वसंतकाकांनीच सांगितलं मला. "मी म्हणालो, अण्णा, आखूड हाय, चाक वळलं की ताणतोय. तर म्हणाले, पोरानं धाडलाय, बसव." अर्धा आटा झिजलेला नट तीनदा परत करणारा माणूस तुम्ही, आणि नेमका माझाच माल न बोलता घेतलात? एक शिवी घालून परत का नाही पाठवलात? शिव्या खाऊनच वाढलो होतो मी. लाड करायला हाच दिवस सापडला?

तीन आठवडे चालला तो. मग वाकडच्या उतारावर पूर्ण वळण घेताना पाईप नटातून सुटला, तेल गेलं, चारही चाकांचा ब्रेक गेला. समोर माणसांनी भरलेली कंपनीची बस. तुम्ही ट्रक भिंतीवर घातलात. बसमधले, उशीर झाला म्हणून चिडले असतील फक्त.

मी पोचलो तो थेट तेराव्याला. पंगतीत जो तो म्हणत होता, वय झालं होतं, माप चुकलं. आईसुद्धा म्हणाली, "तरी मी सांगत होते, सुतळीवर कसलं मेलं माप!" मी मान खाली घालून ऐकलं आणि जेवलो. वर पुन्हा भात मागितला, अण्णा! असा निघालो मी.

उद्या शुक्रवार, मला सुट्टी. सकाळी आईला फोन लावणार आहे. वसंतकाकांनाही बोलावून घे म्हणणार आहे, म्हणजे दोघांनाही एकदमच कळेल. सुतळी मी कापली, खोटं मी बोललो. आई फोन आपटेल. वर्षश्राद्धाला तोंड दाखवू नकोस म्हणेल. तरी येणार. घरात घेतलं नाही तर जिन्यात बसून राहीन. पण अण्णांचं माप बरोबर होतं, हे तिला माझ्याच तोंडून ऐकवीन. शब्द देतो.

तुमचा,
बाळू